समाजकार्याचे शिक्षण आणि वस्तीचा वाटा

पावसाळा सरत आला की शहरांतील वस्त्यांमध्ये समाजकार्य महाविद्यालयांचे विद्यार्थी दिसू लागतात. पदव्युत्तर अभ्यासक्रमात आठवड्याचे दोन दिवस क्षेत्रकार्यासाठी राखलेले असतात आणि अखेरीस शोधनिबंधही सादर करावा लागतो. त्यासाठी प्रश्नावली घेऊन दारोदार फिरणे आलेच. घरात माणसे किती, मिळवती किती, कर्ज कोणाचे, नवरा दारू पितो काय, मुलगी शाळेत जाते काय? घरातली बाई हातातले काम बाजूला ठेवते आणि एकेका प्रश्नाचे उत्तर देते. वर्ष संपते, विद्यार्थ्याला पदवी मिळते, शोधनिबंध ग्रंथालयाच्या फडताळात जातो. पुढच्या वर्षी दुसरा विद्यार्थी तेच प्रश्न घेऊन त्याच दारात उभा राहतो. आधीच्या उत्तरांचे काय झाले, हे त्या बाईला कोणी सांगत नाही. तीही विचारीत नाही, कारण आपल्याला तसा अधिकार आहे हे तिला कोणी कधी जाणवू दिलेले नसते.

यात विद्यार्थ्याचा दोष फार थोडा आहे. बहुतेक विद्यार्थी तळमळीने या क्षेत्रात आलेले असतात. दोष आहे तो ज्ञानाच्या मालकीविषयीच्या एका जुन्या समजुतीत. वस्तीने माहिती द्यायची, विद्यापीठाने तिचे ज्ञान करायचे आणि शासनाने किंवा देणगीदाराने त्या ज्ञानावर निर्णय घ्यायचा, अशी ही श्रमविभागणी आहे. शेतकऱ्याने कापूस पिकवावा, तो गिरणीत जावा आणि शेवटी कापड मात्र शेतकऱ्याला परवडू नये, त्यातलाच हा प्रकार. अलीकडे ‘लोकसहभागी संशोधन’ हा शब्द अभ्यासक्रमांत मानाने मिरवू लागला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली समाजसहभागासाठी दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रमही सुचविला. परंतु श्रेयांक मिळणार विद्यार्थ्याला. वस्तीच्या पदरात काय पडणार, या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सहभाग हा शब्द अपुराच राहतो.

महाराष्ट्रातील समाजकार्य शिक्षणाचा उगम मात्र वस्तीतच झाला, याचा आज विसर पडला आहे. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी १९२० च्या दशकात मुंबईला आले आणि नागपाड्याच्या दाट कामगार वस्तीत त्यांनी नेबरहूड हाऊस सुरू केले. याच कामातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही देशातील पहिली समाजकार्य शिक्षणसंस्था जन्माला आली. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. वर्ग आणि वस्ती यांच्यामध्ये एका जिन्याचेच अंतर होते. १९४४ साली संस्थेचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था झाले, १९५४ साली ती देवनारच्या प्रशस्त आवारात गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या वाटचालीत संस्थेने पुष्कळ मोलाचे काम केले. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू झालेला स्त्रिया व मुलांसाठीचा विशेष कक्ष आणि १९९६ ची चाइल्डलाइन हे तिचेच क्षेत्रप्रकल्प होत. तरीही संस्था जसजशी मोठी होते, तसतशी तिच्या आणि वस्तीच्या मध्ये भिंत उभी राहते, हा अनुभव तिलाही चुकला नाही. ज्या एम-पूर्व प्रभागात संस्थेचे आवार आहे, त्याचा मानवी विकास निर्देशांक मुंबईच्या २००९ च्या मानवी विकास अहवालात ०.०५ म्हणजे शहरात सर्वांत खालचा निघाला. देवनारची कचराभूमी, गोवंडीच्या वस्त्या आणि समाजविज्ञानाचे देशातील अग्रगण्य विद्यापीठ अर्धशतकाहून अधिक काळ एकमेकांचे शेजारी होते. २०११ साली अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने संस्थेने या प्रभागात सर्वांगीण काम हाती घेतले, ते स्वागतार्हच होते. पण शेजाऱ्याच्या दारात जायला अर्धशतकाहून अधिक काळ लागावा, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

नागपाड्यापासून हाकेच्या अंतरावर, भायखळ्याच्या पदपथांवर १९८५ साली जे घडले ते या संदर्भात आठवण्याजोगे आहे. त्या वर्षी १० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने मान्य केले. परंतु पावसाळ्यानंतर पदपथांवरील झोपड्या हटविण्यास महापालिकेला मुभाही दिली. पदपथावरची माणसे म्हणजे आज इथे, उद्या तिथे असणारे भटके, असा शहराचा समज होता. १९७६ साली झोपडपट्ट्यांची गणती झाली तेव्हा ही माणसे तिच्यात धरलीच गेली नव्हती. १९८४ साली स्थापन झालेल्या ‘स्पार्क’ या संस्थेने पदपथांवरील स्त्रियांना सोबत घेऊन गणती केली. सुमारे ६,००० कुटुंबे आणि २७,००० माणसे तिच्यात नोंदली गेली. ही माणसे वर्षानुवर्षे तिथेच राहत आहेत, शहराची हलकी समजली जाणारी कामे करून पोट भरीत आहेत आणि कामाला पायी जाता यावे म्हणूनच पदपथावर राहत आहेत, हे गणतीने दाखवून दिले. संस्थेच्या संस्थापकांपैकी शीला पटेल या टाटा संस्थेच्याच विद्यार्थिनी, आणि त्यांनी नागपाडा नेबरहूड हाऊसमध्येच काम केले होते. या गणतीतून भायखळ्याच्या स्त्रियांना आपल्या संख्येचे आणि आपल्या शक्तीचे भान आले आणि पुढे ‘महिला मिलन’ ही त्यांची संघटना उभी राहिली. नंतरच्या काळात या संघटनांनी शासनाच्या आणि जागतिक बँकेच्या प्रकल्पांशी जे सहकार्य केले, त्याविषयी डाव्या चळवळीत मतभेद आहेत. तथापि त्या मतभेदांमुळे १९८५ च्या गणतीचे महत्त्व कमी होत नाही. मोजले जाणाऱ्यांनी स्वतःच मोजदाद हाती घेतली, हा त्या गणतीचा खरा अर्थ.

याहून अधिक बोलके उदाहरण पुण्याचे आहे, आणि ते समाजवादी चळवळीच्या घरातले आहे. १९९० च्या सुमारास श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या शिक्षिका कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी साक्षरतेचे वर्ग चालवीत होत्या. मुले वर्गाला येत, पण पहाटेची फेरी चुकवीत नसत. शिक्षिका मग मुलांबरोबर आणि त्यांच्या आयांबरोबर फेरीला गेल्या. कचरा घरातच वेगळा करून मिळाला तर उकिरड्यात हात घालावा लागणार नाही, वेळ वाचेल आणि मालाला भावही चांगला येईल, हे त्या बायकांच्या कामाकडे पाहूनच उमगले. विद्यापीठाच्या ओळखपत्रांवर सुमारे तीस बायकांना एका वसाहतीत घरोघरचा सुका कचरा मिळू लागला. थोड्याच दिवसांत एका उद्योजकाची नवी कोरी गाडी तेच काम करायला येऊन उभी राहिली. बायकांनी ती अडविली. आपल्या रोजीवर उद्या कोणीही गाडी घालू शकतो, हे त्या दिवशी कळले, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून कळले नव्हते. १९९३ च्या मे महिन्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कचरावेचकांची परिषद भरली. आठशेहून अधिक कचरावेचक तिला आले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली.

यानंतर जे संशोधन झाले त्याकडे समाजकार्याच्या प्रत्येक विभागाने बारकाईने पाहावे. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेसाठी विद्यापीठाने पुण्यातील भंगार वेचणाऱ्यांचा, व्यापाऱ्यांचा आणि पुनर्वापराच्या उद्योगांचा अभ्यास केला. तो २००१ साली पूर्ण झाला. या माणसांना दारिद्र्याचा शाप आहे काय, यांच्यात व्यसने किती, अशा नेहमीच्या प्रश्नांऐवजी इथे प्रश्न असा होता की, ही माणसे शहराला काय देतात? उत्तर आकड्यांत आले. प्रत्येक कचरावेचक दर महिन्याला महापालिकेला सुमारे २४६ रुपयांचे श्रम फुकट देत होता. कचरा वाहून नेण्याचा महापालिकेचा खर्च त्यामुळे वाचत होता. संघटनेने हा आकडा घेऊन महापालिकेचा दरवाजा ठोठावला. आमच्यावर दया करा, असे तिचे मागणे नव्हते. आमचे श्रम तुमच्या जमाखर्चात कुठे आहेत, असा तिचा सवाल होता. २००२-०३ साली पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा आरोग्य विमा उतरविला आणि २००८ साली ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेशी घरोघर कचरा गोळा करण्याचा करार केला. पुढे त्या कराराच्या नूतनीकरणासाठी पुन्हापुन्हा झगडावे लागले, ठेकेदारांचे सावट कायम राहिले, ही गोष्ट खरी. संशोधनाने लढा संपत नाही. मात्र लढणाऱ्याच्या हातात संशोधनाने एक असे हत्यार दिले, जे प्रतिपक्षाला त्याच्याच हिशेबाच्या भाषेत बोलावयास लावते.

ग्रामीण महाराष्ट्रातही हे घडले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा या गोंड आदिवासींच्या गावात मोहन हिराबाई हिरालाल आणि देवाजी तोफा यांच्या पुढाकाराने अभ्यासगट चालला. बाहेरचे जाणकार आणि गावकरी तिथे एकत्र बसून जंगलाचा, कायद्याचा, मध काढण्याच्या पद्धतीचा अभ्यास करीत. निर्णय मात्र अभ्यासगट घेत नसे. तो ग्रामसभेचा अधिकार होता, आणि ग्रामसभा तो सर्वसहमतीने वापरीत असे. अभ्यास आणि निर्णय यांची ही फारकत फार शहाणपणाची आहे. जाणकाराला बोलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य राहते आणि त्याचे म्हणणे गावावर लादलेही जात नाही. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत मेंढ्याची गणना झाली, ती या दीर्घ अभ्यासाच्या बळावर.

यावर विद्वानांकडून एक आक्षेप घेतला जातो. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांनाच भागीदार केले, तर संशोधनाचा तटस्थपणा कुठे राहिला? आक्षेप वरवर वजनदार वाटतो. पण ज्याला तटस्थ संशोधन म्हणतात त्यात वस्ती खरी उत्तरे देते, हे कशावरून गृहीत धरले जाते? मुंबईच्या झोपडीत राहणाऱ्या माणसाला सर्वेक्षण म्हणजे काय ते चांगले ठाऊक आहे. गणतीत नाव नसले आणि १ जानेवारी २००० पूर्वीचा पुरावा नसला, तर संरक्षित झोपडीधारकाचा हक्क हातचा जातो. त्याच्या दृष्टीने कोणताही कागद म्हणजे डोक्यावरचे छप्पर राहील की जाईल याचा प्रश्न असतो. अशा माणसाने अनोळखी विद्यार्थ्यापुढे भाडेकरू लपवावा, मिळकत कमी सांगावी, हे स्वाभाविक आहे. विश्वास हा संशोधनाच्या नेमकेपणाचा शत्रू नसून त्याची पूर्वअट आहे. पुण्याचा आकडा महापालिकेपुढे टिकला, कारण कोणत्या मालाला कुठे काय भाव मिळतो हे कचरावेचकांना कोणत्याही प्राध्यापकापेक्षा अधिक ठाऊक होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो चळवळीनेच स्वतःला घ्यावयास हवा. ‘समाज’ ही एकसंध वस्तू नाही. वस्तीतही जात आहे, पुरुषी सत्ता आहे, पाण्याच्या नळावर आणि विजेच्या जोडणीवर हुकमत गाजविणारा दादा आहे. वस्तीशी भागीदारी म्हणून विद्यापीठाने नगरसेवकाच्या माणसाशी हातमिळवणी केली, तर विधवा बाईचा, भाडेकरूचा, परप्रांतीय मजुराचा आवाज पूर्वीपेक्षाही दबेल. म्हणूनच वस्तीच्या वतीने बोलणारा कोण, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला पाहिजे. भायखळ्यात स्त्रिया पुढे होत्या आणि पुण्यात कामकरणींची संघटना होती, म्हणून तिथली भागीदारी खरी ठरली. जिथे संघटना नाही तिथे संशोधनाआधी संघटनाच उभी करावी लागते, आणि ते काम एका सत्रात होत नाही.

या चर्चेत एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. वस्ती विद्यापीठात शिरण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे वस्तीतल्या मुलाला विद्यापीठात मिळणारा प्रवेश. दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त कुटुंबांतील पहिल्या पिढीचे पदवीधर समाजकार्याच्या वर्गात आले, तेव्हा त्या वर्गातले प्रश्नच बदलले. पालावर वाढलेल्या मुलीला गुन्हेगार जमात हा शब्द पुस्तकातून शिकावा लागत नाही. पोलीस पहाटे पालावर कसे येतात, हे तिने पाहिलेले असते. ती वर्गात बसली की प्राध्यापकालाही शब्द जपून वापरावे लागतात. अशा विद्यार्थ्यांची वाट अडली, तर लोकसहभागाचे कितीही अभ्यासक्रम काढले तरी ते कोरडेच राहणार. फेब्रुवारी २०१८ मध्ये टाटा संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी येथील विद्यार्थ्यांनी बहिष्कार पुकारला तो याच प्रश्नावर. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांना पूर्वी प्रवेशाच्या वेळी शुल्क भरावे लागत नसे. ती सवलत काढून घेतली गेली. शिष्यवृत्तीची रक्कम शासनाकडून केव्हा येईल याचा नेम नाही आणि शुल्क मात्र आधी भरावयाचे, म्हणजे शेतमजुराच्या मुलाने सावकाराकडे जावयाचे. हा संप शुल्काचा म्हणून नोंदला गेला. वास्तविक तो समाजकार्याच्या शिक्षणाचा आत्मा कोणाचा, याविषयीचा संप होता.

शिक्षकांची स्थितीही याहून बरी नाही. जून २०२४ मध्ये याच संस्थेतील शंभराहून अधिक अध्यापक व अन्य कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीची पत्रे मिळाली. त्यांचे वेतन विश्वस्तनिधीच्या अनुदानातून होत होते आणि त्या अनुदानाचे नूतनीकरण झालेले नव्हते. टाटा एज्युकेशन ट्रस्टने निधीची हमी दिल्यावर काही दिवसांत ती पत्रे मागे घेण्यात आली. पण ज्या शिक्षकाची नोकरी वर्षावर्षाच्या अनुदानावर लोंबकळते, त्याने एखाद्या वस्तीला पाच वर्षांचा शब्द कशाच्या आधारे द्यावा? २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चणे बंधनकारक केले, तेव्हापासून संशोधनाचा पैसा त्या दिशेनेही येऊ लागला आहे. कंपनीला आपल्या प्रकल्पाची फलश्रुती दाखवायची असते. ती मोजून देण्याचे काम विद्यार्थी आणि शिक्षक करू लागतात. किती शिलाई यंत्रे वाटली हे त्यात मोजले जाते. त्या बाईंना शिवणाचे मोल काय मिळते आणि ते कोण ठरवते, हे मोजण्यास सहसा कोणी पैसा देत नाही. शासनाने उच्च शिक्षणातून अंग काढले की ती जागा रिकामी राहत नाही. तिथे देणगीदार येतो आणि त्याच्याबरोबर त्याचे प्रश्नही येतात.

तेव्हा मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. शोधनिबंधाचा विषय विभागात मंजूर होण्यापूर्वी तो वस्तीच्या सभेपुढे ठेवला जावा. प्रश्नावली तयार करण्यात आणि माहिती गोळा करण्यात वस्तीतील ज्यांचा वेळ जाईल, त्यांना बुडालेल्या रोजाइतके तरी मानधन मिळावे, कारण प्राध्यापकाचा वेळ पगारी आणि मोलकरणीचा वेळ फुकट ही समता नव्हे. निष्कर्ष मराठीत किंवा त्या लोकांच्या बोलीत लिहिले जावेत आणि पदवीपूर्वी वस्तीत वाचून दाखविले जावेत. माहितीची एक प्रत वस्तीच्या संघटनेकडे राहावी आणि जी माहिती उघड झाल्याने घर किंवा रोजी जाण्याचा धोका आहे, ती रोखून धरण्याचा अधिकार वस्तीला असावा. पैसा कोणाचाही असो, निष्कर्ष दडपण्याचा अधिकार देणाऱ्याला नसावा. आणि या सर्वांच्या मुळाशी असलेली मागणी अशी की, शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शुल्क मागितले जाऊ नये. ते शासनाने संस्थेला परस्पर द्यावे.

कार्यकर्त्यांनी मात्र केवळ विद्यापीठाकडे बोट दाखवून थांबता कामा नये. ‘एक गाव एक पाणवठा’ मोहिमेत बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, पाणवठे पाहिले, कोण कुठे पाणी भरतो याची नोंद केली. ती मोहीम हे एक संशोधनच होते आणि त्यासाठी कोणाला पदवी मिळाली नाही. एके काळी कार्यकर्ता मोर्च्याइतकाच अभ्यासवर्गाला महत्त्व देत असे. आज पुष्कळ ठिकाणी तो निवेदनाचा मसुदा लिहितो, पण गावातील मजुरीचा दर गेल्या पाच वर्षांत किती वाढला हे विचारले तर त्याला सांगता येत नाही. वस्तीत प्रश्नावली घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला हाकलून लावणे सोपे आहे आणि त्याला चहा पाजून मार्गी लावणे त्याहून सोपे. त्याला संघटनेच्या बैठकीत बसवून घ्यावे, हा प्रश्न तू का निवडलास असे विचारावे, वस्तीला ज्याचे उत्तर हवे आहे असा प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा आणि तो परत येईल अशी बोली त्याच्याकडून घ्यावी, हे कठीण आहे. पण समाजकार्याचा शिक्षक जे शिकवू शकत नाही ते तिथे शिकवले जाईल.

नागपाड्यातल्या त्या वीस विद्यार्थ्यांना जिना उतरला की वस्ती भेटत होती. आजच्या विद्यार्थ्याला आवाराची फाटके, शुल्काच्या पावत्या आणि श्रेयांकांचे तक्ते ओलांडून तिच्यापर्यंत यावे लागते. तो आलाच, तर दारातल्या बाईने उत्तर देण्यापूर्वी त्याला एक प्रश्न विचारावा: हे लिहून झाल्यावर तू मला वाचून दाखवशील काय? हा प्रश्न विचारण्याची हिंमत तिच्यात यावी, यासाठी काम करणे हेच संघटनेचे काम आहे.